ओटीतली पिल्लं

सगुणाआत्या, मेलेलं माणूस एका दिवसात चांगलं कसं होतं, याचं तुला भारी नवल वाटायचं. वस्तीवरचं कोणी गेलं आणि बाया "सोन्यासारखा माणूस गं" म्हणून गळा काढू लागल्या, की तू पदराआडून माझ्या कानाशी लागायचीस, "सोन्यासारखा? परवापतूर माझ्या कुत्र्यांला धोंडे मारत हुता मुडदा." म्हणून तुझ्यावर लिहिताना मी तुला सोन्याची करणार नाही. तू खोटारडी होतीस, गिऱ्हाइकापुरती. शिवराळ होतीस, सगळ्यांपुरती. आणि आपल्या दोघांत जे भांडण इतकी वर्षं चाललं होतं ते अर्ध्यावर टाकून उठून गेलीस, हा तर तुझा उघड अन्याय आहे. मी अन्यायाविरुद्ध पत्रकं लिहितो हे तुला ठाऊक आहे. हे त्यातलंच एक समज. फरक इतकाच, की यात सरकारच्या जागी तू आहेस.

हेही नगरलाच छापून येईल. आपल्या मोगलाईत कागद छापायचा तर आधी परवानगी लागते, आणि परवानगी देणारा तोच असतो ज्याच्याविरुद्ध लिहायचं. म्हणून माझे गठ्ठे इंग्रजी हद्दीत छापले जायचे आणि हद्दीजवळच्या कडा गावाच्या वाटेनं आत यायचे. आणायचं कोण? माझ्यासारखा पोरगा गठ्ठा घेऊन नाक्यावर उभा राहिला की शिपाई आधी कानाखाली वाजवायचा आणि मग विचारायचा. तू मात्र डोक्यावर पाटी घेऊन ठुमकत यायचीस. कड्याला भागाबाईकडे, तुझ्या त्या घोंगड्या विणणाऱ्या मैत्रिणीकडे, मुक्काम करायचीस. पाटीत खाली पत्रकं, वर घोंगडीचा तुकडा आणि त्यावर पिल्लं. शिपायानं "क्या है बुढी?" म्हटलं की "पिल्लं हायती बाबा, धर की येक" म्हणून तू त्याच्याच हातात पिल्लू द्यायचीस. एकदा पिल्लांनी 'वेठबिगार बंद करा' या माझ्या सबंध गठ्ठ्यावर धार सोडली. शाई पसरली, अक्षरं गेली, मी डोक्याला हात लावून बसलो. तू म्हणालीस, "रडतो कावून? जहागीरदाराबद्दलच लिवलंय न्हवं? मग पिल्लांनी सही केली म्हण."

वाचणाऱ्यांना तुझं काम सांगायला हवं. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, उंच पायांची शिकारी कुत्री तू पाळायचीस. तसलं कुत्रं सशाच्या मागं सुटलं की डोळ्याला नुसती रेघ दिसते. नेकनूरच्या बाजारात चौकशी करत माणसं आपल्या वस्तीवर पोचायची. दर वेताला एक सोडून सगळी पिल्लं तू विकायचीस. जे एक वाणासाठी मागं ठेवायचं, त्याचं तू चक्क बारसं करायचीस. पिल्लं भाकर खायला लागली, चालताना पाय कसा टाकतात ते दिसू लागलं, की एक दिवस वस्तीवर घुगऱ्या वाटल्या जायच्या. निवडलेलं पिल्लू सुपात घालायचं, कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि मग ते तुझ्या ओटीत. ओटीत घेतलेलं पिल्लू विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, घरात दाणा नसला तरी नाही. वस्तीवर तो कायदाच होता. विकायच्या पिल्लांना नावंच नसायची. त्यांना तू नुसतं "ए" म्हणायचीस.

आणि गिऱ्हाईक आलं की काय ती तुझी जीभ! "ह्याच्या आज्यानं वाघ आडवला हुता, पाटील." त्याचा आजा मांजराला पाहून कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायचा, हे सगळ्या वस्तीला माहीत. मी हसलो की तू डोळे वटारायचीस. पण ठेवायच्या पिल्लाबद्दल तुझ्या तोंडून कधी एक चांगला शब्द निघाला नाही. ते पिल्लू तू उन्हात घेऊन बसायचीस आणि सासू नव्या सुनेला न्याहाळते तशी न्याहाळायचीस. पाठ आखूड. जबडा अरुंद. शेपटी बापाची, म्हणजे वाईट. बाजार मांडायचा गुणांचा, आणि वाण राखायचं ते दोषांचा हिशेब ठेवून, ही तुझी उलटी रीत मला कळायला वेळ लागला.

हिरणी ही तुझी त्या काळातली मुख्य कुत्री. वाऱ्यासारखी पळायची, पण तिचे पाय पसरट. मुरमाच्या रानात एक दौड झाली की बोटांच्या बेचक्या फाटायच्या आणि मग ती लंगडत घरी यायची. तिच्या एका वेतात एक तांबूस पिल्लू होतं. काय रुबाबदार, काय धिप्पाड! मी म्हणालो, "आत्या, हे ठेव."

"कावून?"

"कावून म्हणजे? सगळ्यांत देखणं हाय. अगदी आईवर गेलंय."

"तेच तर. आईवर गेलेलं ठिवून काय करू? आई हाय की माझ्यापाशी." मग कोपऱ्यातलं एक किरकोळ पिल्लू उचलून त्याचा पंजा माझ्या तळहातावर ठेवलास. "ह्याचा पाय बघ. आईच्या पायापरीस जरा मिटलेला हाय. जरासाच. पर हाय. आईला जे न्हाई ते ज्याच्यात आलंय ते ठिवायचं, मल्हाऱ्या. पुढच्या वेताला आनखी जरा मिटंल."

मी तेव्हा औरंगाबादेहून नुकताच सभांची आणि पत्रकांची हवा पिऊन आलो होतो. माणसांतल्या उच्चनीचपणावर माझं रक्त उकळत होतं, आणि इथं माझी सख्खी आत्या कुत्र्यांत अस्सल-कमअस्सल करत बसलेली! मी तुला सरळ सुनावलं, की हा जातीचाच अभिमान आहे, फक्त चार पायांवर. तू शेण थापत होतीस. शेणाच्या हातानं तू बाबूमियाँकडे बोट दाखवलंस. बीडचा हा फळवाला सीताफळं भरायला आपल्या बाजूला यायचा आणि त्याच्या टोपल्या राखायला त्याचा एकडोळ्या कुत्रा सोबत असायचा. त्या कुत्र्याचा बाप कोण, आई कोण, खुद्द बाबूमियाँलाही माहीत नव्हतं. पाटलानं आपला नावाजलेला कुत्रा हिरणीसाठी देऊ केला होता, तर त्याला तू तोंडावर म्हणाली होतीस, "तुमचा कुत्रा दिसायला राजा हाय, पर दोन शेतं पळाला की जीभ भुईला लागती." पाटील वर्षभर बोलला नाही. आणि एकडोळ्याला मात्र तू स्वतः भाकर चुरून घातलीस, कारण त्याचे चारी पंजे मुठीसारखे मिटलेले.

"आता सांग," तू म्हणालीस, "जात बघितली का पाय बघितला?"

मी हरखलो. "आत्या, अगं ही तर क्रांती हाय!"

"किरांती तुझी तुलाच. शेणाची पाटी उचल."

उचलली. पण वाद सोडला नाही. बाप कोण ते विचारत नाहीस हे ठीक, पण मग बाकीच्या पिल्लांचं काय? एक ओटीत आणि पाच "ए"? पंजा जरा पसरट निघाला म्हणून नाव नाही, बारसं नाही? हा अधिकार तुला दिला कोणी? तू म्हणायचीस, "बियाला एकच कनीस ठिवत्यात. बाकीच्या कनसांची भाकर व्हती. भाकर झाली म्हंजी वाया गेलं का, बे?" मी म्हणायचो, कणसाला जीव नसतो. तू म्हणायचीस, "भुकेल्याला इचार." पण मला ते पटलं नाही, आत्या, आजही पटलेलं नाही. मी हे छापून सांगतो आहे.

मग हिरणीचं शेवटचं वेत झालं. बाप एकडोळ्या. सहा पिल्लं. त्यांत एक काळसर मादी अशी निघाली की तिचा पंजा तू तीनदा उलटून पाहिलास. तो पुरता मिटलेला होता. मला गुळाचा खडा दिलास. हिरणी म्हातारी झाली होती. ही मादी गेली असती तर तुझं इतक्या वर्षांचं वाण तिथंच संपलं असतं.

आणि नेमका जहागीरदाराच्या दारोग्याचा सांगावा आला. वाड्यावर शिकारीचे पाहुणे यायचे, आणि त्यांना दाखवायला आपल्या वस्तीवरचं उत्तम पिल्लू नजराणा म्हणून जायचं. याआधीही असंच तुझं निवडीतलं पिल्लू बारशाआधीच उचललं गेलं होतं. मी पेटलो. 'कुत्र्यांचीही वेठ!' नावाचं पत्रक लिहिलं आणि तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी सगळी कुत्री झोपली. तू म्हणालीस, "चांगलं हाय. अंगाईला व्हईल."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. तू नेकनूरच्या बाजाराला गेलीस आणि मी, ज्यानं कर्मकांडावर दोन पत्रकं लिहिली होती, त्यानं सूप काढलं. ज्वारी-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. वस्तीवरच्या बाया बोलावल्या. एकाचं नाही, सहाच्या सहा पिल्लांचं बारसं केलं. समता, न्याय, हिंमत, फिर्याद, धडाडी, आणि त्या काळसर मादीचं नाव हुज्जत. बायांनी हसत हसत प्रत्येकाच्या कानात कुर्र केलं. माझा हिशेब साधा होता. ओटीतलं पिल्लू देत नाहीत, मग सगळीच ओटीत घातली तर दारोगा नेईल काय? शिवाय समानताही झाली!

तू परत आलीस, सूप पाहिलंस, घुगऱ्यांचं रिकामं पातेलं पाहिलंस. "मुडद्या! म्या येकीला ओटीत घ्याला तीन पिढ्या घालीवल्या, आन् तू येका दुपारी आक्खं गाव ओटीत घातलंस?"

"आत्या, आता दारोग्याला न्हाई म्हणता येतंय."

"आन् इकू काय? तुझी पत्रकं?"

कायदा म्हणजे कायदा. नाव ठेवलेलं पिल्लू तू विकू शकत नव्हतीस. पण तू मला हाकललं नाहीस. रात्रभर आतल्या आत हसत होतीस, मला घोंगडीतून ऐकू येत होतं.

दारोगा आला तो दोन शिपाई घेऊन. "बुढी, सबसे अच्छा पिल्ला निकाल."

"मालक, समद्यांची बारशी झाली. ओटीतली लेकरं हायती. ह्या बायांला इचारा."

बाया पुढं झाल्या. एकीनं घुगऱ्यांची चवसुद्धा सांगितली, मीठ कमी होतं म्हणून. दारोगा पोट धरून हसला. म्हणाला, "तेरी रीत तेरे घर में. नजराना सरकार का." मी छाती काढून पुढं झालो, तोंड उघडलं, आणि तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की पहिलंच वाक्य कळवळून संपलं.

मग तू पिल्लं ओळीनं मांडलीस आणि जन्मात कधी गिऱ्हाइकासमोर केलं नव्हतंस ते केलंस. खरं बोललीस. समतेचं एक आंड वर चढलंय. हिंमत बिचकतोय. फिर्याद खाऊन ओकतीय. धडाडीचा जबडा वाकडा. हुज्जत उचललीस आणि तिचेही दोष सांगितलेस, पाठ आखूड, छाती बारीक, बाप एकडोळ्या, बिनआईबापाचा. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. फक्त पंजा तुझ्या मुठीत झाकलेला होता. न्यायावर आलीस आणि गप्प झालीस. न्याय म्हणजे तांबूस, धिप्पाड, आवाजाचा, आईसारखा पसरट पायाचा.

"इसका क्या?" दारोगा म्हणाला.

तू त्याला छातीशी धरलंस आणि रडायला लागलीस. "मालक, येवढं सोडून कोन्तंबी न्या."

दारोग्यानं अर्थातच न्याय नेला.

ते दिसेनासे झाल्यावर मी टाळ्या वाजवल्या. "काय सोंग केलंस, आत्या!" तू डोळे पुसत माझ्याकडे असं पाहिलंस की टाळ्या हवेतच राहिल्या. "सोंग? पोटापाशी वाढीवलेलं लेकरू गेलं, बे. दर येळंला जातं. तुला रडू दिसलं न्हाई म्हंजी यीत न्हवतं का?"

पण मी संध्याकाळी भाकर खाताना पुन्हा सुरू केलंच. तू एक पिल्लू दिलंस म्हणजे नजराणा दिलासच. आज न्याय गेला, उद्या दुसरं जाईल. तू म्हणालीस, "बी वाचलं." मी म्हणालो, "बी वाचलं, आणि त्यांची रीतही वाचली." तू भाकरीचा घास तसाच धरून बसलीस. पहिल्यांदाच तुझ्याकडे शिवीसुद्धा नव्हती. मला त्या जिंकण्याचा आनंद झाला, हे कबूल करायला काय हरकत आहे? तुझ्याशी जिंकणं रोज कुठं जमायचं?

हुज्जत मोठी झाली. मुरमावर पळायची आणि परत येऊन उड्या मारायची, पायाला ओरखडा नाही. तिच्या पहिल्या वेताला तीन पिल्लं झाली, आणि ती भाकर खायला लागली त्याच सुमारास तुझा ताप सुरू झाला. मी नगरला छपाईला गेलो होतो. परत येतो तर तू अंथरुणावर, आणि हुज्जत रिकामी. एकही पिल्लू नाही.

"आत्या, पिल्लं कुठं?"

"दिली."

"दिली? जहागीरदाराला? परत?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. "तुझ्या पत्रकात लिही जा."

आपलं शेवटचं बोलणं हे. नंतर तापात तू फक्त कुत्र्यांना हाका मारल्यास. मी उशाशी बसलो होतो, पाणी पाजत होतो, आणि आतून धुमसत होतो. तू गेलीस तेव्हा रडलो, पण खरं सांगतो, अर्धा राग होता. इतकी वर्षं राखलेलं वाण, आणि शेवटी गुडघे टेकून दारोग्याच्या पदरात टाकलंस, असं मला वाटत होतं.

तुझ्या दहाव्याला मी डोकं केलं नाही. भाऊबंद तोंड फिरवून बसले होते. तेवढ्यात दारोग्याचा शिपाई आला आणि म्हणाला, "बुढी गई, अल्ला बख्शे. हुज्जत के पिल्ले किधर हैं? साहब मंगाये."

म्हणजे पिल्लं त्यांच्याकडे नव्हती! मग मी तोंड उघडलं आणि या वेळी दंडाला चिमटा काढायला कोणी नव्हतं. नजराणा म्हणजे काय, वेठ म्हणजे काय, लेकराला आईपासून तोडणं म्हणजे काय, सगळं सांगितलं. शिपायानं शांतपणे ऐकलं, घरात, गोठ्यात, भुशाच्या कोठीत शोधलं, काही सापडलं नाही, आणि घुगरी मागून खाऊन गेला.

तो टेकाडापलीकडे गेल्यावर भागाबाई हसू लागली. ती कड्याहून तुझ्या दहाव्याला आली होती. बाबूमियाँ बीडहून आला होता, तोही दाढीत हसत होता. दोघंही जहागिरीच्या हद्दीबाहेरचे. भागाबाई म्हणाली, "येक माज्याकडं हाय, बाबा. घुगऱ्या वाटून ओटीत घेतलंय, तुज्या आत्यानं सांगितलं तसं." बाबूमियाँ म्हणाला, "मेरे घर में बी. जनानीने नाम रखा, गोद में लिया. बुढी बोली, बी येका कनगीत ठिवू न्हाई, मियाँ."

"आन् मला कावून न्हाई सांगितलं?" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं," बाबूमियाँ म्हणाला, "तर तू छापलं असतंस."

भाऊबंदही हसले. त्यांनाही ते खोटं म्हणता येईना.

म्हणजे तू नजराणा दिला नाहीस. माझं ते भाकरीवरचं बोलणं तू गिळलंस, पचवलंस आणि मला न सांगता तसंच वागलीस. आत्या, एका शब्दानं सांगितलं असतंस तर शेवटचे ते दिवस मी धुमसत काढले नसते. हा राग मी सोडणार नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आहे, आणि ते रागापेक्षा मोठं आहे.

"दोन झाली," मी म्हणालो. "तिसरं?"

भागाबाईनं घोंगडीची घडी उलगडली. आत तांबूस, जाडजूड, जांभया देणारं पिल्लू. मी पंजा उचलून पाहिला. पसरट. थेट हिरणीचा. तुझ्या सगळ्या नियमांनी "ए" म्हणून विकायचं पिल्लू.

"हे इकू नको म्हनली," भागाबाई म्हणाली. "म्हनली, ह्याला कोनीबी ओटीत घ्याचं न्हाई. मल्हाऱ्याच घील."

सगळी वस्ती माझ्याकडे पाहत होती. मला पदर नाही. मी धोतराचा सोगा पुढं धरला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, मग पदर काढून हसल्या. पिल्लानं एक वास घेतला, दोन वेळा गोल फिरलं आणि बसलं.